मंगळवार

ब्लेनाव्हॉनमध्ये धुकं दुपारी चारलाच उतरतं.
मी गॅरेजचं शटर अर्धंच वर करते,
म्हणजे बाबांच्या खुर्चीला वारा लागत नाही.
मांडीवर ब्लँकेट, डाव्या हातात चिंधी,
समोर त्यांची पंच्याऐंशी सालची लाल टर्बो
बॉनेट उघडून आ वासलेली.

कार्बोरेटरच्या डोक्यावर एक काळी टोपी असते.
ती फिरवली की खालून बारीक दांडा वर येतो,
विहिरीतून पोहरा यावा तसा.
यावेळी कोरडाच आला.
तेल कुठे जातं कोण जाणे. गळत नाही, फरशीवर डाग नाही.
टर्बो फुंकत राहते आणि ते थोडं थोडं नाहीसं होतं,
बाबांच्या शब्दांसारखं,
असं मी म्हणणार नाही.
मार्चपासून मी तसली वाक्यं बंद केली आहेत.

"कुठलं घालू?"
तीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवलेला माणूस
तोंड उघडतो. थांबतो. कपाळावरची शीर फुगते.
"मंगळवार," म्हणतो.
आणि लगेच मान हलवतो, हे नाही, हे नाही,
चिंधी मांडीवर आपटतो.

आज शनिवार आहे.

पुस्तिकेतलं नेमकं ते पान ग्रीझने चिकटलेलं.
मग मी बाटल्या मांडते बाकावर:
शिलाई मशीनचं, आईच्या खणातलं, पाण्यासारखं.
गिअरबॉक्सचं लाल, खोकल्याच्या औषधासारखं.
इंजिनचं, या थंडीत चमच्याने काढावं लागेल असं.
आणि मोटरसायकलच्या फोर्कमधलं, शेजारच्या डेल्विनने दिलेलं,
बाटलीवरचा आकडा त्याच्याच अंगठ्याने पुसलेला.
"काय फरक पडतो गं, तेल ते तेल."

फरक पडतो, डेल्विन.
पाय दाबला की हवा धावत सुटते,
पेट्रोल जड, ते मागे राहतं.
तेव्हा पिस्टनने जरा रेंगाळायचं असतं,
एका श्वासापुरतं,
त्याला गाठू द्यायचं.

शिलाईचं तेल घालून आम्ही तळ्याकडच्या चढावर गेलो.
दुसऱ्या वळणावर पाय दाबला, पिस्टन टुणकन वर गेला असणार,
गाडीला ठसका लागला,
मेंढ्यांनी माना वर केल्या,
मागच्या पावाच्या गाडीने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.
"मंगळवार!" बाबा ओरडले,
अगदी शिवी घातल्यासारखे.

इंजिनचं घातलं, तर ती दमेकऱ्यासारखी चढली,
मागे काळा धूर सोडत.
लाल तेलाला बाबांनी तळवा तिरका केला:
बरं आहे. म्हणजे बरं नाही.

दर वेळी खाली यायचं, टोपी काढायची,
चिंधीने टिपायचं, पुन्हा भरायचं
दांड्याच्या पोकळीवर बोटभर,
बोटाने पिस्टन उचलून सोडायचा आणि ऐकायचं:
वर जाताना कुरकुर, खाली पडताना टक्.
बाबा डोळे मिटून ऐकतात. कान शाबूत आहेत.

वाचा शिकवायला येणाऱ्या मिस प्यू म्हणतात,
शब्द त्यांच्या तोंडात घालू नका, दहापर्यंत मोजा.
मी चारपर्यंत पोचते.
चारलाच माझ्या तोंडून निघतं: चहा? चष्मा? बाथरूम?
आणि ते हो म्हणतात, कंटाळून,
भलत्याच गोष्टीलाही.

डेल्विनचं तेल शेवटी घातलं, काळोख पडता पडता.
दुसरं वळण. पाय दाबला.
आधी काहीच झालं नाही, एवढंसं,
मग टर्बोची शीळ आली
आणि गाडी न चुकता, न ठसकता
धुक्यातून वर निघाली, तळ्यापर्यंत.

इंजिन बंद केलं. बाबांनी माझ्याकडे वळून तोंड उघडलं.
मी मोजायला लागले.
चार.
पाच. पावाची गाडी परतताना खालून गेली.
सात. आठ.
"मंगळवार," ते म्हणाले,
आणि या वेळी मान हलवली नाही.

गॅरेजात बाटलीला कागदी पट्टी लावली,
तेच लिहिलं.
त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं, डाव्या हाताने,
आणि शब्दाखाली एक वाकडी रेघ ओढली,
बराच वेळ लावून.